धाकट्या धन्यांचे उभे राहणे आणि बसणे, याची हकीकत

॥ श्री कुलस्वामिनी समर्थ ॥

जी आदिमाया सकळ लेकरांस आधी रांगविते, मग उभे करिते, आणि दमली म्हणजे आपल्या पदराखाली निजविते, तिचे पायी मस्तक ठेवोन हे लेखन आरंभिले असे. शके सोळाशे अठ्ठ्याण्णव, दुर्मुखनाम संवत्सर, मास भाद्रपद. ते साली पाऊसपाणी उत्तम, गनीम दूर, रयत सुखी, आणि तरीही दरबारातील जो तो लाल डोळ्यांचा आणि आंबट तोंडाचा दिसत होता, संवत्सराने आपले नाव राखिले. ऐसे का जाहले, ते लिहोन ठेवावे ऐशी आज्ञा जाहली. राज्याचे नाव घालू नये हीही आज्ञा आहे, म्हणोन घातले नाही. आम्ही कोण, तर निजमहालाच्या उंबऱ्याशी लेखणी घेऊन उभा असलेला एक चाकर, ज्यास एखाद्या गोष्टीचे कारण कळेतो अन्न गोड लागत नाही, इतके जाणिले म्हणजे पुरे.

थोरले धनी गतवर्षी दसऱ्यास सीमोल्लंघन करोन स्वारीस गेले, ते तापाने छावणीतच कैलासवासी जाहले, आणि त्यांचे मागे मार्गशीर्षात पुत्र जन्मास आले, त्यांचे नाव भानजीराव ठेविले, आणि बारशाचे दिवशीच त्यांस गादीवर बसविले, म्हणजे लोडास टेकवोन ठेविले. दरबार त्यांस धाकटे धनी म्हणे. मातोश्री मैनाबाईसाहेब वयाने लहान, डोंगरी गडावरच्या किल्लेदाराची लेक, बोलणे थोडे आणि पाहणे फार. आजी आऊसाहेब, थोरल्या धन्यांच्या मातोश्री, सारा वाडा त्यांच्या भुवईवर चाले. आणि ज्या महाराजांनी हे राज्य मांडिले त्यांच्यापासून ताजिमेची रीत ऐशी होती की, गादीचा धनी उभा असता कोणी बसू नये, बसेल त्याने दिवस मावळण्याचे आत वाडा सोडावा, मग तो सरदार असो की सोयरा. अदब म्हणोन एरवीही धन्याचे डोळ्यांसमोर कोणी बूड टेकीत नसे, त्यांची पाठ फिरली म्हणजेच बसे. आणि दुसरी रीत ऐशी की, वर्ष पुरे होईतो धन्याचे पाय भुईस लागू द्यावयाचे नाहीत, मंचकावरून हातावर आणि हातावरून गादीवर, इतकाच प्रवास.

मग गौरी बोळविल्या ते रात्री ऐसे जाहले की, धाकटे धनी शिसवी मंचकावर निजले होते, त्यास चहूंकडे त्यांच्या छातीइतका कठडा, तो कठडा धरोन ते आपले आपण उभे राहिले. हुजऱ्याने पाहिले आणि हर्षे ओरडला, चोपदाराने ललकारी दिली, मशाली आल्या, ललकारी चौकाचौकांतून मुदपाकखान्यात आणि हत्तीखान्यात गेली, आणि निजलेला प्रत्येक मनुष्य आपापल्या अंथरुणात उभा राहिला. मुजरे जाहले. साखर वाटिली. धाकटे धनी बहुत खूष जाहले, कठडा हलवोन हसले, मग हुजऱ्याने त्यांस उचलोन निजविले, सगळे बसले, तो धनी पुन्हा उभे. पुन्हा ललकारी, पुन्हा मशाली, पुन्हा मुजरे. दुसरे रात्री तेच आणि तिसरे रात्रीही तेच, फक्त साखर वाटणे बंद जाहले. पंधरवडा उलटला तेव्हा मुदपाकी आमटीत दोनदा मीठ घालू लागला, आणि कारभारी त्रिंबकपंत आबा भर कचेरीत खांबास टेकोन घोरताना आम्ही या डोळ्यांनी पाहिले. मुख्य म्हणजे धाकट्या धन्यांचे हसणे गेले. ते उभे राहत आणि रडत, निजविले की उठत, आणि उभे राहोन पुन्हा रडत. निजावयाचे नाही तर रडता का, आणि रडता तर उभे का राहता, हे कोडे कोणास सुटेना.

मग मसलत भरली. वैद्यराज म्हणाले पोटात वात आहे, आणि हिंग लावोन गेले. जोशीबुवा म्हणाले शनीची दृष्टी आहे, आणि तेल घेऊन गेले. सरनोबत सिधोजी दाढीवर हात फिरवोन म्हणाले, "आमची नजर हाय. धनी दर खेपेला उगवतीकडं तोंड करून उभं ऱ्हातात. उगवतीला शेजारच्या राज्याची शीव. लेकराला चाहूल लागती, आपल्याला न्हाई लागत." हे सर्वांस पटले आणि पागा सरहद्दीकडे रवाना जाहली, तिला तेथे एक धनगर आणि त्याची मेंढरे सापडली, धनगर म्हणाला इकडे सगळे निजलेले असतात, आणि पागा माघारी आली. मग आबा म्हणाले, "धनी काही मागत असावेत. मागितलेले दिले म्हणजे अर्जदार बसतो, हा आमचा कचेरीतला अनुभव आहे." म्हणोन बोलका राघू आणिला, चांदीचा खुळखुळा आणिला, शेवटी एक गरीब घोडी खिडकीशी आणोन उभी केली. धाकट्या धन्यांनी घोडीचे नाक धरिले आणि पहाटेपर्यंत सोडिले नाही.

त्या पहाटे मैनाबाईसाहेब पडद्याबाहेर आल्या, आणि घोडीकडे, मशालींकडे आणि पेंगत उभ्या असलेल्या मानकऱ्यांकडे पाहोन म्हणाल्या, "सरनोबत, उगवतीला सरहद्द नंतर येते. आधी माझा महाल येतो. बाळ माझ्या दाराकडे तोंड करून उभा राहतो." मग त्या आबांस म्हणाल्या, "आणि आबा, रात्रीचा दरबार तुम्हीच भरवता. ललकारी, उजेड, मुजरे, त्यावर घोडी. मी त्याच्या जागी असते तर मीही निजले नसते. संध्याकाळचा मुजरा झाला की दुसरा सकाळी." आबा म्हणाले, "पण ताजीम, बाईसाहेब?" बाईसाहेब म्हणाल्या, "ताजीम अंधारात द्या. गुपचूप उभे राहा." मग मशाली बंद जाहल्या, चोपदारास ललकारी कुजबुजोन देण्याची ताकीद जाहली, आणि बाईसाहेबांनी आपले अंथरूण मंचकाशेजारी आणविले. गुण आला, उठणे निम्म्याने कमी जाहले. पण निम्मे राहिले, आणि रडणे तसेच राहिले.

यावर दुसरी आई असती तर तिने नवस केला असता. मैनाबाईसाहेब नुसत्या पाहत राहिल्या. एके तिसरे प्रहरी, लख्ख उजेडात, धाकटे धनी मंचकात उभे राहिले तेव्हा त्यांनी हुजऱ्यास हाताने थांबविले आणि म्हणाल्या, "उचलू नकोस. काय करतो ते पाहू." आम्हांसही तेच पाहणे होते, म्हणोन आम्ही उंबऱ्यावरून मान लांब केली. धाकटे धनी आधी हसले. मग इकडे तिकडे पाहिले. मग खाली पाहिले, आणि तेथेच अडकले. गुडघे लटपटू लागले, बोटे कठड्यास घट्ट होऊन पांढरी पडली, खालचा ओठ पुढे आला, एक पाय उचलला आणि तो कोठे ठेवावा हे न कळोन पुन्हा तेथेच ठेविला, आणि मग ते मोठ्याने रडले. बाईसाहेब म्हणाल्या, "अगं बाई! हा हट्ट नव्हे. हा वर चढून बसलाय आणि याला उतरता येत नाही. आमच्या गडावरही चढताना कोणी पडत नसे, उतरताना रडत." मग त्यांनी त्यांस कडेवर घेतले, आणि बराच वेळ एकेकाकडे पाहत राहिल्या, हुजऱ्याकडे, दायांकडे, आमच्याकडे. आम्ही सगळे उभे होतो. तेव्हा त्यांच्या जे ध्यानात आले ते आमच्याही आले. धाकट्या धन्यांनी बसलेली माणसे पाहिली होती, उठणारी माणसे तर रोज पाहिली होती, पण उभा मनुष्य बसतो कसा, हे त्यांनी जन्मात पाहिले नव्हते. त्यांच्यासमोर कोणी बसलेच नव्हते. दूध पाजावयास आई आधी बसे, मग त्यांस मांडीवर देत. आणि त्यांचे स्वतःचे गुडघे वाकू लागण्याआधीच चारदोन हात त्यांस उचलोन निजवीत, मग गुडघ्यांस तरी विद्या कशी यावी?

बाईसाहेब तडक आऊसाहेबांच्या महाली गेल्या, आणि आम्ही कारण नसता मागे गेलो. आऊसाहेब खिडकीशी उभ्या होत्या. बाईसाहेब म्हणाल्या, "आऊसाहेब, भानूला बसता येत नाही."

"धनी म्हणा, सूनबाई."

"धन्यांना बसता येत नाही. त्यांनी कोणाला बसताना पाहिलं नाही. मला त्यांच्यासमोर बसून दाखवू द्या. ते उभे असताना."

आऊसाहेब म्हणाल्या, "बसणं कोणी शिकवतं का? दगड टाकला की खाली जातो."

"दगडाला पडायची भीती नसते, आऊसाहेब."

यावर आऊसाहेब म्हणाल्या, "तुमचे सासरे उभे असता त्यांचे बंधू समोर बसले, तेव्हा मी पडद्यामागं होते. एक गुडघा वाकला आणि अर्धं राज्य तुटून बंधूंकडे गेलं. आज गादीवर पाळण्यातलं पोर आहे, चहूकडे लोक टपलेत. आज आई बसेल, उद्या सरदार बसतील, परवा शेजारचा राजा येऊन बसेल. रीत मोडणार नाही. आणि ऐका, धन्यांची तब्येत खालावते आहे, तुम्हीही वाळलात. दसऱ्यापर्यंत ते रात्रीचे निजू लागले तर ठीक. नाही तर त्यांना मी वरच्या गडावर नेईन, तुम्ही माहेरी जाऊन विश्रांती घ्या." बाईसाहेबांनी वाकोन नमस्कार केला आणि निघाल्या. जिन्यात त्यांचा पाय चुकला, आम्ही पाहिले नाही ऐसे दाखविले. आता पेच ऐसा पडला की, मूल निजले नाही तर आईपासून तुटणार, आणि निजावे म्हणोन आई त्याच्यासमोर बसली तरीही तुटणार. बंदी बसण्यास होती, निजण्यास नव्हती, म्हणोन बाईसाहेब रात्री मंचकाशेजारी निजोन उपाय करीत, कठड्यात हात घालोन त्यांचे गुडघे मागून हलकेच वाकवीत, गुणगुणत, पण निजोन बसणे शिकविता येत नाही, आणि दसरा जवळ आला.

दसऱ्याचा दरबार मोठा भरला. शेजारच्या राज्याचे वकील आले होते, पोट मोठे, पागोटे त्याहून मोठे. धाकट्या धन्यांस लहानसा मंदील घालोन गादीवर ठेविले, आऊसाहेब आणि बाईसाहेब चिकाच्या पडद्यामागे. सोने वाटण्यास आरंभ जाहला, तोच धाकट्या धन्यांनी लोड धरिला आणि उभे राहिले. सारा दरबार उभा राहिला. वकीलही उभे राहिले. धाकटे धनी हसले. मग खाली पाहिले. गादीवर असता धन्यास कोणी हात लावावयाचा नाही ही आणखी एक रीत, म्हणोन हुजरे जागचे हलेनात, आणि धनी बसेनात, आणि दरबार बसेना. वृद्ध सरदार एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देऊ लागले. मंदील सरकोन धन्यांच्या एका डोळ्यावर आला. ओठ पुढे आला. वकील शेजाऱ्याच्या कानात काही बोलले आणि हसले. मग धाकटे धनी रडू लागले, आणि ते रडे ऐसे की ज्यास स्वतःची लेकरे होती त्या प्रत्येकाने मान फिरविली.

तेव्हा चिकाचा पडदा वर जाहला आणि मैनाबाईसाहेब बाहेर आल्या. चालत गादीसमोर आल्या, धन्यांच्या डोळ्यास डोळा लाविला, एक हात गादीच्या कडेवर ठेविला, गुडघे वाकविले, आणि सगळ्या राज्यादेखत खाली बसल्या. कोणाच्या तरी हातातील तबक पडले. बाईसाहेब उठल्या, आणि पुन्हा बसल्या, हळू, जसे भाकरी थापणे शिकवावे तसे. धाकट्या धन्यांचे रडे अर्ध्यात थांबले. त्यांनी मान वाकडी करोन आईचे गुडघे पाहिले. मग स्वतःचे पाहिले. बाईसाहेब तिसऱ्यांदा बसल्या आणि म्हणाल्या, "बैस, भानू. मी आहे." धाकट्या धन्यांनी किंचित वाकोन पाहिले, घाबरोन पुन्हा ताठ जाहले, पुन्हा वाकले, आणि धप्पकन गादीवर बसले. त्यांच्या चेहऱ्यावर जो अचंबा आला तो लिहिण्याचे सामर्थ्य या लेखणीत नाही. दरबाराने अदब विसरोन धन्यांच्या डोळ्यांसमोरच बूड टेकले, तो धनी पुन्हा उभे! दरबार उभा. धनी बसले, दरबार बसला. आता त्यांस विद्या आली होती आणि विद्या आली की ती दाखवावीशी वाटते, म्हणोन दुपार कलेपर्यंत सारे राज्य उठत बसत राहिले, वकिलांचे पागोटे सुटोन गळ्यात आले, आणि सरनोबत सिधोजी म्हणाले, "पन्नास लढाया केल्या, पर अशी कवायत न्हाई बघितली." लोक हसले. आम्हीही हसलो. पडद्यामागे कोणी हसले नाही.

मग आऊसाहेबांचा निरोप आला, की रीत ती रीत, दिवस मावळण्याचे आत पालखी. बाईसाहेबांनी वाद घातला नाही. बोचके बांधिले, बाळाचे एक झबले त्यात घातले, मग काढोन पुन्हा कोनाड्यात ठेविले. आम्हांस त्या वेळी फार वाईट वाटले आणि आऊसाहेबांचा रागही आला, तो येथे लिहोन ठेवितो, काय शिक्षा होईल ती होवो. पालखी दाराशी लागली. दिवेलागण होत होती. बाईसाहेबांनी लेकरास दूध पाजोन मंचकात निजविले आणि बोचके उचलिले, तोच आऊसाहेब स्वतः आत आल्या, निरोपास आल्या की निघाल्या की नाही हे पाहावयास आल्या, ते त्यांचे त्या जाणोत.

त्यांच्या पावलांनी धाकटे धनी जागे जाहले आणि अर्धवट झोपेत कठडा धरोन उभे राहिले. दोघी उभ्या. हुजरे उभे. धाकट्या धन्यांनी खाली पाहिले, आणि झोपेत दिवसाची विद्या हरवली होती, गुडघे लटपटू लागले, ओठ पुढे आला. बाईसाहेब पुढे होऊ लागल्या आणि थांबल्या, कारण त्यांस आता हक्क नव्हता. त्यांनी आऊसाहेबांकडे पाहिले. आऊसाहेब नातवाकडे पाहत होत्या, आणि दिव्याच्या उजेडात ते लेकरू हुबेहूब बापासारखे दिसत होते.

मग आऊसाहेबांनी कठड्यावर हात ठेविला. डावा गुडघा वाकविला, तो कडकन वाजला. "आई गं," म्हणाल्या, आणि उजवा वाकविला, आणि ज्यांस थोरले धनी गेल्यापासून वाड्यात कोणी बसलेले पाहिले नव्हते, त्या आऊसाहेब, गादीचा धनी समोर उभा असता, भुईवर बसल्या. कठड्याच्या गजांतून त्यांचे तोंड आता नातवाच्या गुडघ्यांशी आले. म्हणाल्या, "हे असं, भानू. असं बसायचं." धाकट्या धन्यांनी त्यांच्याकडे नीट पाहिले, कठडा धरोन वाकले, आणि हलकेच बसले, धप्पकन नव्हे. मग आडवे जाहले, अंगठा तोंडात घातला आणि निजले. बाहेर चोपदार कुजबुजला, आणि चौकाचौकांतून सारा वाडा खाली बसल्याचा आवाज आला.

बाहेर दिवस पुरता मावळला होता. बाईसाहेब हळू म्हणाल्या, "आऊसाहेब, पालखी दाराशी आहे."

आऊसाहेब म्हणाल्या, "गुन्हा दोघींचा आणि पालखी एक. कशी जायची? परत पाठवा तिला." मग पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "तो गेला त्या दिवशी वाटलं, मी बसले की सगळंच बसेल. म्हणून उभी राहिले, सूनबाई. वर्ष होत आलं." बाईसाहेबांनी बोचके खाली ठेविले. आऊसाहेब उठू लागल्या आणि उठवेना, पुन्हा उठू लागल्या आणि पुन्हा उठवेना, तेव्हा त्यांनी हात वर केला आणि म्हणाल्या, "द्या हात. याला बसता येईना, मला उठता येईना. जागं करू नका हो त्याला." आणि सुनेने सासूस दोन्ही हातांनी धरोन, निजलेल्या लेकरास धक्का न लागू देता, उभे केले.

पुढे ताजिमेच्या रीतीत इतकाच फेर जाहला की, धनी उभे असता ज्यास बसणे जरूर त्याने बसावे, आणि धाकट्या धन्यांचे पाय भुईस लागू द्यावेत, वर्ष पुरे होण्याची वाट पाहू नये. धाकटे धनी त्यानंतरही काही रात्री उठत, अंधारात इकडे तिकडे पाहत, आणि कोणी येत नाही ऐसे पाहोन आपले आपण बसोन निजत. अर्धे राज्य गेले ते परत आले नाही, पण उरलेले अर्धे रात्री निजू लागले. सारांश, उभे राहणे धाकट्या धन्यांनी आपले आपण साधिले, बसणे मात्र त्यांस कोणीतरी आधी बसोन दाखवावे लागले. जैसे पाहिले तैसे लिहिले, आणि हे शेवटचे अक्षर आम्ही उंबऱ्यावर मांडी घालोन लिहिले असे.